बाळाला इजा झाली म्हणजे डॉक्टर दोषीच?

“बाळंतपणात बाळाला इजा झाली की डॉक्टरचा निष्काळजीपणा आपोआप सिद्ध होतो. वेळेत सिझर केलं असतं तर सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे किंवा दोषामुळे हालचालींवर ताबा न राहण्याचा विकार) झालीच नसती. मात्र संमतिपत्रावर सही केली असेल, तर काहीच करता येत नाही.” असा मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. तिन्ही वाक्यं चुकीची आहेत. पहिली दोन खोटी आशा लावतात आणि तिसरं हातातला हक्क सोडायला लावतं.

आधी ‘आपोआप’चं पाहू. ब्रिटनमधल्या १९५७च्या बोलम खटल्यापासून न्यायालय परिणाम नव्हे, वागणूक तपासतं. त्या शाखेतला सर्वसाधारण कुशल डॉक्टर त्या परिस्थितीत असं वागला असता का? भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००५मध्ये हीच कसोटी उचलून धरली. फौजदारी गुन्ह्यासाठी तर ढळढळीत, गंभीर हयगय लागते. म्हणून दोन तज्ज्ञ ‘आम्हीही असंच करतो’ म्हणाले की सुटका, असंही नाही. त्यांचं मत तर्काला धरून नसेल तर न्यायालय ते नाकारू शकतं, हे ब्रिटनमध्ये १९९७च्या बोलिथो निकालात स्पष्ट झालं.

सिझरचा मुद्दा जास्त गुंतागुंतीचा आहे, आणि बहुतेक दावे इथेच अडतात. सेरेब्रल पाल्सीची बहुसंख्य कारणं कळा सुरू होण्याआधीची असतात: अपुऱ्या दिवसांचा जन्म, गर्भातला संसर्ग, मेंदूच्या घडणीतले दोष. सिझरचं प्रमाण कितीतरी वाढलं, तरी अनेक दशकं हा विकार त्या मानाने घटला नाही. त्यामुळे चूक सिद्ध झाली तरी काम निम्मंच होतं; त्याच चुकीमुळे इजा झाली हेही दाखवावं लागतं. ब्रिटनमधल्या १९८८च्या विल्शर खटल्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळाला चुकून जादा ऑक्सिजन दिला गेला आणि त्याची दृष्टी जवळपास गेली. चूक झाली होती, पण अंधत्वाची इतरही संभाव्य कारणं होती. हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायपीठ) कार्यकारणाच्या मुद्द्यावर फेरसुनावणी सांगितली. कठोर वाटतं, पण कायदा तसाच आहे.

सहीबद्दल थोडक्यात: सही म्हणजे हयगयीला माफी नव्हे. ब्रिटनमधल्या २०१५च्या माँटगोमेरी खटल्यात मधुमेही आईला बाळाचा खांदा अडकण्याचा ९ ते १० टक्के धोका सांगितलाच नव्हता. निकाल तिच्या बाजूने लागला. आमच्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच वैध मानली.

शंका असेल तर आधी कागद मागावेत: पार्टोग्राम (प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता), बाळाच्या ठोक्यांची सीटीजी पट्टी, ॲपगार गुण (जन्मताच बाळाच्या प्रकृतीला दिलेले गुण), नाळेतल्या रक्ताची तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल. ठोके कधी बिघडले, वरिष्ठांना कधी बोलावलं, सिझरचा निर्णय कधी झाला आणि बाळ बाहेर कधी आलं, या चार वेळा जुळवून पाहिल्याशिवाय कुठल्याही तज्ज्ञाला ठाम मत देता येत नाही.