पुरात कुत्र्याची साखळी सोडून निघून जाणं म्हणजे त्याला वाचवणं नव्हे

परवा सकाळी सांगलीहून आत्याचा फोन आला. "अगं, यंदा पाणी आलं तर राजाचं काय करायचं ते कळलं बघ. ग्रुपवर आलंय. उगीच ओढाताण करायची नाही आता." राजा म्हणजे तिचा कुत्रा. मग तिने तो मेसेज मला पाठवला. खाली 'प्राणीप्रेमींनी जास्तीत जास्त शेअर करा' असं लिहिलेलं. दुपारपर्यंत तोच मेसेज आणखी तिघांकडून आला.

त्यात पाच सल्ले आहेत. पुरात घर सोडताना कुत्र्या-मांजरांना मोकळं करा, दार उघडं ठेवा आणि निघा, कारण प्रत्येक प्राण्याला जन्मतःच पोहता येतं. प्राण्यांना पूर तीन दिवस आधी कळतो, त्यांची काळजी नको. सोबत न्यायचंच असेल तर घरातली झोपेची गोळी अर्धी करून द्या. नाहीतर गच्चीवर चार दिवसांचं खाणं ठेवून बांधून जा. आणि बोटीत किंवा निवारा केंद्रात प्राणी घेतच नाहीत, त्यामुळे धडपड करू नका. एकाच मेसेजमध्ये 'मोकळं सोडा' आणि 'बांधून जा' दोन्ही आहे, हे शेअर करणाऱ्या एकाच्याही लक्षात आलेलं नाही.

आत्या गावभागात, म्हणजे सांगलीच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीत राहते. तिला हे पटावं याचा मला राग आला, कारण पहिल्या सल्ल्याचा परिणाम तिने स्वतः पाहिला आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 आहे. बोट दारात आली तेव्हा मनी, तिची मांजर, माळ्यावर जाऊन बसली होती. हाका मारल्या, दूध दाखवलं, काका शिडी लावून वर चढले. ती आणखी आत सरकली. बोटीत दोन म्हाताऱ्या बायका आणि एक बाळंतीण बसलेली, किती थांबणार? माळ्याची खिडकी उघडी ठेवून दोघं निघाले. म्हणजे आज मेसेज सांगतो तेच त्यांनी केलं. पाणी ओसरल्यावर मनी माळ्यावरच सापडली. ओलीची रेघ माळ्याच्या फळीच्या वर होती.

मांजर घाबरलं की बाहेर पळत नाही. ते उंच आणि अंधाऱ्या जागी शिरतं, आणि तीच जागा पुरात सापळा होते. उघडं दार त्याच्या काही कामाचं नाही. कुत्र्याचं उलटं. तो बाहेर पडतो, पण घर सोडत नाही. आपला उंबरा, आपली पायरी, मग कंपाउंडची भिंत, असा पाण्याबरोबर वर चढत राहतो. पोहायची वेळ येते तेव्हा तो भिजून, उपाशी राहून आधीच गळालेला असतो. आणि पुराचं पाणी म्हणजे विहीर नव्हे. त्यात ओढ असते, तारेची कुंपणं असतात, पत्रे वाहत येतात, गटारं उघडी पडलेली असतात. पग किंवा बुलडॉग यांच्यासारख्या चपट्या नाकाच्या जड कुत्र्यांना तर शांत पाण्यातही नाक वर धरता येत नाही. 'जन्मतःच पोहता येतं' हे वाक्य ज्याने लिहिलं, त्याने पग पाण्यात पाहिलेला नाही.

यातलं अर्धं खरं आहे ते मान्य करते. बांधलेलं जनावर मरणारच. शेवटच्या क्षणी, काहीच हातात नसताना, साखळी किंवा दावं सोडणं हे बांधून जाण्यापेक्षा बरंच. गोठ्यातल्या म्हशींच्या बाबतीत तर ते सोडायलाच हवं, म्हैस चांगली पोहते. पण तो हरल्यानंतरचा उपाय आहे. मेसेज तोच तयारी म्हणून विकतो आहे.

या सल्ल्याने माणसंही मरतात, म्हणून मला तो इतका लागला. 2005 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत कॅटरिना वादळ आलं, न्यू ऑर्लिन्स बुडालं. बोटी आणि निवारे प्राण्यांना नकार देत होते. 'प्राणी सोडा आणि चला' असं सांगितलं की लोक निमूट चालू लागतील, असा हिशेब होता. तो चुकला. फ्रिट्झ इन्स्टिट्यूट या आपत्तीतल्या मदतकार्यावर काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने पुढच्या वर्षी केलेल्या पाहणीत, घर सोडायचं नाही असं ठरवलेल्यांपैकी 44 टक्के लोकांनी पाळीव प्राण्याला मागे ठेवायचं नव्हतं हेही एक कारण सांगितलं. 2006 मध्ये तिथे कायदा झाला: आपत्तीच्या सरकारी आराखड्यात पाळीव प्राणी असलेल्या कुटुंबांची सोय धरलीच पाहिजे. आपल्याकडेही वेगळं काय घडतं? काका त्या दिवशी दहा मिनिटं बोटीत बसेनात. दहा मिनिटं बोट अडली, म्हणजे पुढच्या घरातल्या कोणाची तरी दहा मिनिटं गेली.

आता पाचवा मुद्दा, बोटीत आणि केंद्रात घेत नाहीत. नाइलाजाने सांगते, हा बराचसा खरा आहे. भरलेल्या बोटीत माणसं आधी, आणि ते बरोबरच आहे. शाळेच्या एका वर्गात चाळीस जण झोपलेले असताना कुत्र्याला आत घेतील याची खात्री कोणी देऊ शकत नाही. पण यावरून 'धडपड करू नका' हा निष्कर्ष कुठून निघतो? निष्कर्ष एवढाच की बोटीची वाट पाहायची नाही. भूकंप अचानक येतो, कृष्णेचं पाणी तसं येत नाही. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी येते, आयर्विन पुलाजवळचे फूट-इंच दर थोड्या वेळाने फोनवर येत राहतात. इशारा पातळी 40 फूट आहे. ज्याच्या घरी जनावर आहे त्याने शेजारच्यांच्या आधी निघायचं. 40 ची वाट न पाहता, रस्ता कोरडा आणि रिक्षा मिळते आहे तोवर. 2021 च्या जुलैत आत्या अशीच निघाली. राजा रिक्षात तिच्या पायाशी बसून नदीपासून लांब, विश्रामबागला माझ्या मावसभावाकडे गेला. बोट लागली नाही, केंद्र लागलं नाही. तेव्हा जमलेलं तिने आता एका मेसेजपायी सोडायचं?

झोपेच्या गोळीबद्दल मात्र मला ओरडूनच सांगायचं आहे. देऊ नका. गुंगीत असलेल्या कुत्र्याला तोल सावरता येत नाही, पाण्यात पडला तर मान वर धरता येत नाही. पावसात अंग गार पडत जातं. उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. माणसाच्या काही गोळ्यांनी कुत्रा शांत होण्याऐवजी उलट बिथरतो आणि चावतो. आणि 'घरातली गोळी' म्हणताना कोणी तापाची गोळी काढली तर? पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. प्रवासात फार घाबरणाऱ्या प्राण्यांना पशुवैद्य औषध देतात, हे खरं. पण ते वजन पाहून, आधी घरी एकदा देऊन बघा असं सांगून. पाणी अंगणात आल्यावर शेजारणीच्या डब्यातली अर्धी गोळी म्हणजे ते औषध नव्हे.

गच्चीचं थोडक्यात. चार दिवसांचं खाणं पहिल्या पावसात लगदा होतं, आणि पाणी चार दिवसांत उतरेल हे कोणी सांगितलं? उपासमार किंवा तहान होईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून जाणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातला गुन्हा आहे, हेही प्राणीप्रेमींना माहीत असावं. तीन दिवस आधी कळण्याबद्दल एवढंच, की मनीला कळलं असतं तर ती माळ्यावर चढली नसती.

राहिली तयारी. ती मे महिन्यातच करायची असते आणि फार पैशांची नाही. मांजराची पेटी घरात कायम उघडी ठेवायची, त्यात जुनी चादर, रोजचं एक वेळचं खाणं आतच. निघायच्या दिवशी पहिल्यांदा पेटी आणली तर मांजर माळाच गाठणार. पेटी नसेल तर भाजीच्या एका प्लास्टिक क्रेटवर दुसरा पालथा घालून दोन्ही सुतळीने घट्ट आवळायचे, वारा लागतो आणि पंजा बाहेर येत नाही. पाणी वाढायची बातमी आली की पहिलं काम, मांजराला माळा नसलेल्या एका खोलीत कोंडायचं. बाकीचं सामान नंतर. कुत्र्याच्या पट्ट्यावर फोन नंबर, शक्यतो गावाबाहेरच्या नातेवाइकाचाही. लसीची वही प्लास्टिकच्या पिशवीत. प्राण्याबरोबरचा आपला एक फोटो मोबाईलमध्ये, हरवला तर आपलाच आहे हे दाखवायला. रेबीजची लस झालेली हवी. पुराच्या पाण्यातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार, कुत्र्याला होतो आणि त्याच्या लघवीतून माणसालाही, म्हणून कुत्र्याच्या लशीत लेप्टो धरला आहे का ते डॉक्टरांना विचारून घ्यायचं, सगळ्याच लशींत तो नसतो. आणि कोणाकडे जायचं हे आजच ठरवायचं, त्या घरी कुत्रा चालेल का हेही आजच विचारायचं.

आत्याला हे सगळं फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मनीच्या वेळी खिडकी उघडी ठेवली होती गं आम्ही." मी म्हटलं, माहीत आहे. संध्याकाळी तिने ग्रुपवर लिहिलं की सकाळचा मेसेज चुकीचा आहे, आमची मांजर अशीच गेली. आणि भाजीवाल्याकडून दोन क्रेट मागून आणले. नवं मांजर, सोनी, काल दुपारभर त्यातल्या एकात झोपलं होतं.