तीन शिट्ट्यांचा रियाज

दिवाळीची सुट्टी संपायला चार दिवस उरले होते आणि आमच्या घरात दोन माणसं समोर काम मांडून काहीही करत नव्हती. एक माझी सातवीतली मुलगी, दुसरा मी.

तिच्यापुढे शुद्धलेखनाची वही होती. रोज एक पान, अशी अठरा पानं. त्यातलं एक झालं होतं, तेही सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, वर्गातच. शिवाय एक निबंध होता, ‘मी दिवाळीची सुट्टी कशी घालवली’. तो का नाही लिहिलास म्हणून विचारलं, तर म्हणाली, “बाबा, सुट्टी संपल्याशिवाय ती कशी घालवली ते कसं लिहिणार?” रागवायला हवं होतं, पण अभिमानच वाटला. हे डोकं आमच्याकडचं.

माझ्यापुढे पेटी होती. चाळिशी उलटल्यावर माणूस एक तर चालायला जातो, नाही तर कला शिकतो. मी कला निवडली, कारण ती बसून करता येते. गांधर्व महाविद्यालयाची परीक्षा द्यायचं ठरवलं. ती वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मेमध्ये आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, आणि चालढकल करणाऱ्याला याहून मोठी सोय नाही. गेली तीन वर्षं मी ‘पुढच्या सत्राचा’ विद्यार्थी आहे. भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात. माझ्या रियाजात उरलेले पाचही.

आम्हाला कोणी आळशी म्हटलं की मात्र मला राग येतो. आळशी माणूस सरळ झोपतो. आम्ही राबतो. मुलीने अभ्यासाचं वेळापत्रक केलं, त्याला दोन दिवस लागले. सहा रंगांची स्केचपेनं, कडेला वेलबुट्टी, रविवारच्या चौकोनात सूर्य. मग पेन्सिलींना टोकं. मग वह्यांची कव्हरं बदलणं. मीही कमी नाही. पेटीवरची धूळ पुसली, भाता तपासला, मोबाइलवर तंबोरा लावला, तबल्याच्या ॲपमध्ये तीनतालाची लय जुळवली, आणि ‘रियाज कसा करावा’ या विषयावरचे तीन व्हिडिओ पाहिले. तेवढ्यात चहाची वेळ झाली. नमनालाच इतकं तेल जात असेल, तर नाटकाला उरणार काय?

गंमत म्हणजे याच मुलीने बिल्डिंगखालच्या किल्ल्यासाठी वसुबारसेच्या आठवडाभर आधी अळीव पेरले होते. रोज सकाळी न सांगता पाणी घालत होती. बुरूज ढासळला तर हसत पुन्हा लिंपत होती. आणि मी? डोंबिवलीहून रोज सकाळची लोकल पकडतो, ती एकदाही उद्यावर ढकललेली नाही. न्हाणीघरात तर अख्खा भूप गातो, आलापासकट. पण किल्ल्यावर कोणी लाल पेन फिरवत नाही आणि न्हाणीघरात परीक्षक बसलेले नसतात. वहीचं कोरं पान पुढे आलं की मुलीला आधी बाईंचा चेहरा दिसतो, मला पेटीच्या पट्ट्यांत सरांचा.

ऑफिसातल्या एका पोराने मला टोमॅटोचा उपाय सांगितला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या इटलीतल्या एका विद्यार्थ्याचं अभ्यासात लक्ष लागेना. त्याने स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ घेतलं आणि ते वाजेपर्यंत हलायचं नाही असं ठरवलं. पुढे त्याची पद्धतच झाली, पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं सुट्टी. टोमॅटोला त्यांच्याकडे पोमोदोरो म्हणतात, तेच तिचं नाव. मी लगेच तसलं घड्याळ ऑनलाइन शोधायला बसलो आणि रंग निवडण्यात संध्याकाळ गेली.

आई हे सगळं भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, “टोमॅटो कशाला हवाय? आपला कुकर आहे की.”

आईचा कायदा सोपा होता. वरणभाताचा कुकर चढला की दोघांनी बसायचं. तीन शिट्ट्या होईपर्यंत उठायचं नाही, आणि तिसरी झाली की बसायचं नाही. अक्षर अर्धं असलं तरी पेन खाली.

“पण आजी, घाईत अक्षर वाईट येईल.”

“येऊ दे. आज वाईटच काढ.”

“आणि माझं?” मी विचारलं.

“तू बेसूर वाजव. सुरात वाजवलंस तरी आम्हाला कुठे फरक कळतोय?”

माझ्या कलाजीवनात इतकं मोकळं मला कोणीच केलं नव्हतं.

पहिली शिट्टी यायलाच सात-आठ मिनिटं लागतात. त्यातली पाच मी कुकरकडे बघण्यात घालवली. मग करण्यासारखं दुसरं काहीच उरलं नाही म्हणून वाजवू लागलो. बंदिशीत जरा रंग भरतोय, तर तीनतालाच्या सोळाव्या मात्रेवर तिसरी शिट्टी झाली आणि आई म्हणाली, “ऊठ.” समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, तोंडावर! मुलीचा ‘पाऊस’ शब्दातला ‘पाऊ’ झाला होता, ‘स’ राहिला होता. ती जेवताना ताटात बोटाने ‘स’ काढत होती. माझ्या डोक्यात ती न आलेली सम रात्री दीडपर्यंत वाजत होती.

नंतर वाचनात आलं की ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली नेमकं हेच मांडलं होतं. पुरं झालेलं काम माणूस विसरतो, अर्धवट राहिलेलं डोक्यात ठाण मांडून बसतं. बिल चुकतं होईपर्यंत वेटरला ऑर्डर पाठ असते, त्यातलाच प्रकार. आईने झायगार्निक वाचलेली नाही. तिच्याकडे फक्त पाच लिटरचा कुकर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आजीच्या मागे, “कुकर कधी लावणार?” पण तीन दिवस, दोन वेळचा कुकर आणि सतरा पानं, हा हिशेब काही जुळेना. तेव्हा तिनेच गणित सोडवलं. “आजी, आज छोले कर ना. उद्या राजमा.” कडधान्याला शिट्ट्या जास्त. निळं पेन, काळं पेन, थोडं तिरकं अक्षर, थोडं सरळ, अशा रीतीने अठरा तारखांची अठरा पानं बाळसं धरू लागली. मी तिकडे कानाडोळा केला. मला माझा भूप होता.

शेवटच्या संध्याकाळी राजमा चढवून आई आत गेली आणि ट्रंकेतून एक पिशवी घेऊन आली. पिशवीत विटकरी रंगाचा स्वेटर होता, पाठ झालेली, एक बाही झालेली, दुसरी सुयांवर. मी चौथीत असताना माझ्यासाठी घातलेला. “लोकर तेवढी राहिली होती बघ,” ती म्हणाली आणि चष्मा लावून बसली.

मुलगी निबंधात होती. मी अंतऱ्यात होतो. आई बाहीत होती.

दार उघडून बायको आत आली, नाक वर करून जागीच थांबली. “अहो, काय करपलंय? किती शिट्ट्या झाल्या?”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“थांब गं जरा,” आई मान वर न करता म्हणाली, “एवढी ओळ संपवते.”