सीटी स्कॅनबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

"सोनोग्राफी, एमआरआय, सीटी, सगळ्यांत रेडिएशन. एकदा काढला की कॅन्सर ठरलेला." असा मेसेज सध्या सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर फिरतोय. मी मिरजेत सीटीच्या खोलीत काम करतो. परवा तासगावकडच्या एका आजींना मुलगा घेऊन आला. गाडीवरून पडून डोक्याला मार, दोन उलट्या झालेल्या, आणि हा मोबाईल पुढे करून विचारतो, "दादा, नाही काढला तर चालंल का?" म्हणून लिहितोय.

सोनोग्राफीत ध्वनिलहरी असतात, एमआरआयमध्ये मोठं चुंबक. दोन्हींत क्ष-किरण नाहीतच. सीटीत आहेत, आणि छातीच्या साध्या एक्सरेपेक्षा कितीतरी जास्त. मेसेजमधलं एवढं खरं. पण डोक्याच्या सीटीचा डोस साधारण 2 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारं रेडिएशन मोजायचं माप). माती, हवा, आकाशातले किरण यांतून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट तसेही मिळतात. पोटाच्या सीटीला 8 च्या आसपास. त्यानं कॅन्सरची शक्यता किंचित वाढते असं धरूनच आम्ही चालतो, पण "ठरलेला" हे साफ खोटं. उलट मेंदूतला रक्तस्राव काही तासांत जीव घेऊ शकतो, आणि तो सीटीत मिनिटांत दिसतो.

जपायचं ते लहान मुलांना. त्यांचा डोस अंगकाठी बघून कमी ठेवतात. दिवस गेले असतील तर टेबलावर जायच्या आधी सांगा. जुन्या फिल्म घरी ट्रंकेत ठेवून येऊ नका, सोबत आणा; त्यामुळं कधीकधी नवा स्कॅनच टळतो. आणि नुसत्या डोकेदुखीला "डॉक्टर, सीटी लिहून द्या" असा हट्टही नको.

आजींचा सीटी काढला. पाच मिनिटंही लागली नाहीत.