दादर आलं का?

लोकलच्या गर्दीतून, कोणाच्या तरी काखेखालून आवाज येतो, "दादर आलं का?" दारातला माणूस मान न वळवता सांगतो, "येतंय." एवढ्या संवादात पदार्थविज्ञानाचा एक आख्खा धडा होऊन जातो. दादर बिचारं जागचं हललेलं नाही. फुलबाजार, पूल, पुलावरची चेंगराचेंगरी, सगळं ठरल्या जागी आहे. तरी दादर येतं, कुर्ला जातं, कर्जत सुटलं की घाट लागतो आणि "पुणं आलं की उठव" असं बजावून माणूस झोपतो. मराठी माणूस गाडीत पाय ठेवताक्षणी जमिनीचा पक्ष सोडून गाडीच्या पक्षात जातो. या पक्षांतराचा जाब त्याला कोणी विचारत नाही, कारण विचारणाराही त्याच डब्यात असतो.

मग अकरावी येते. (बघा, तीही येतेच.) मास्तर फळ्यावर एकमेकींशी काटकोनात तीन रेघा मारतात, खाली 'संदर्भचौकट' असं लिहितात आणि जन्मभर बिनचूक बोलत आलेली भाषा एकाएकी परकी होते. चौकट म्हटल्यावर पोराला दाराची आठवते, नाहीतर भिंतीवरच्या आजोबांची.

प्रकरण तसं गरीब आहे. तीन मोजपट्ट्या, एक घड्याळ आणि हे सगळं ज्याच्या गळ्यात बांधायचं तो कोणीतरी. फलाटाच्या गळ्यात बांधलं की फलाटाची चौकट, गाडीच्या बांधलं की गाडीची. ज्याच्या गळ्यात बांधलं त्याचा वेग त्याच्या स्वतःच्या हिशेबात कायम शून्य. कुठलीही चौकट घ्या, चालते. गोची होते ती सुरुवात फलाटावरून करून अर्ध्या गणितात गुपचूप गाडीत चढणाऱ्याची. माझ्या मते या विषयात वाया गेलेल्या मार्कांपैकी बहुतेक याच विनातिकीट प्रवासात गेलेले असतात. म्हणून कागदावर पहिली ओळ हीच लिहावी: 'मी इथे उभा आहे.' आणि उत्तर येईपर्यंत तिथून हलू नये.

'हलू नकोस' हाही तसा अर्धवट हुकूम. आई पोराला "जागचा हलू नकोस" म्हणते तेव्हा मुंबईच्या अक्षांशावर ते पोर पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १,५८० किलोमीटरनं पूर्वेला चाललेलं असतं आणि सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटरनं. पण हे त्या वेळी आईला सांगू नये. तिची चौकट हातातल्या लाटण्याला बांधलेली असते.

रोजची पहिली फसवणूक शेजारच्या गाडीकडून होते. दोन गाड्या समोरासमोर थांबलेल्या. एक हलते, आणि आपली सुटली म्हणून जीव भांड्यात पडतो. तेवढ्यात पलीकडच्या गाडीचा शेवटचा डबा सरकतो आणि मागून तोच फलाट, तोच वडापावचा स्टॉल आणि त्याच्यापुढे तोच माणूस, अजून तोच वडा खातोय. इथे दोष अकलेचा नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा आहे, तिला वेग कळतच नाही, फक्त वेगातला बदल कळतो. गाडी अगदी हळू सुटली तर तो बदल इतका थोडा असतो की कान गप्प बसतो आणि सगळा कारभार डोळ्यांच्या हाती जातो. डोळ्यांना खिडकीत दुसरी गाडी सोडून काही दिसत नसतं. उपाय फुकटचा आहे: उलट्या बाजूच्या खिडकीतून खांब बघायचा. तिकडेही गाडीच उभी असेल तर खाली रुळांतली खडी बघायची. खडीवर विश्वास ठेवायला हरकत नसते, ती कुठे जात नाही.

गाडीनं एकदा वेग धरला आणि तो कायम राहिला, की मात्र आतल्या आत कुठलाही प्रयोग करून गाडी चालली आहे हे सिद्ध करता येत नाही. १६३२ साली गॅलिलिओनं हे जहाजाच्या बंद खोलीत बसवून दाखवलं: फुलपाखरं, भांड्यातला मासा, टांगलेल्या बाटलीतून थेंबाथेंबानं ठिबकणारं पाणी. जहाज उभं असो की एका वेगानं सरळ चालू, थेंब खालच्या भांड्यातच पडतात. आपल्याकडे आर्यभटानं त्याच्या हजारेक वर्षं आधी, ४९९ सालच्या 'आर्यभटीया'त, होडीतला माणूस बसवलेला आहे. होडी पुढे जाते तसे काठावरचे स्थिर पदार्थ त्याला मागे जाताना दिसतात. तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, असं तो म्हणतो. 'दादर येतंय' म्हणणाऱ्याची परंपरा जुनी आहे.

यावर हटकून येणारी शंका: चालत्या गाडीत उडी मारली तर माणूस मागे का पडत नाही? हिशेब करू. २० सेंटिमीटर उंच उडी मारली तर माणूस साधारण ०.४ सेकंद हवेत राहतो. गाडी ताशी ७२ किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला २० मीटरनं चालली आहे. तेवढ्या वेळात ती ८ मीटर पुढे जाते. डबा जेमतेम २० मीटरचा. म्हणजे शंकाखोराचं खरं असतं, तर दारापाशी उडी मारणारा थेट मधल्या बाकावर उतरला असता आणि चौथ्या सीटसाठी कोणाची मनधरणी करावी लागली नसती. तसं होत नाही, कारण उडी मारण्याआधीच तो सेकंदाला २० मीटरनं चाललेला असतो आणि हवेत तो वेग काढून घेणारं कोणी नसतं. डब्यातली हवासुद्धा पासधारकच असते.

सगळा गोंधळ 'एका वेगानं' या अटीत आहे. लोकल एका वेगानं फार थोडा वेळ धावते. सुटताना वेग धरते, थांबताना सोडते आणि मधे सिग्नलला रुसते. गाडी सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंद या दरानं वेग धरते आहे असं समजा. मघाचीच उडी आता मारली, तर डबा आपल्याखालून ४ सेंटिमीटर पुढे सरकतो आणि आपण तेवढे मागे उतरतो. चार सेंटिमीटर कमी वाटतात? सकाळच्या विरार गाडीत तेवढी जागा स्थावर मालमत्तेत मोडते.

त्याच वेळी वर बघितलं तर सगळी हँडलं एका तालात मागे कललेली दिसतात, साधारण ३ अंशांनी. वेग धरण्याच्या त्या अर्ध्या दराला गुरुत्वाकर्षणाच्या ९.८ नं भागलं की त्या कोनाची स्पर्शज्या (टॅन्जंट) मिळते. वीतभर जास्त खटपट करायची तयारी असेल तर ३० सेंटिमीटर दोऱ्याला घराची किल्ली बांधा आणि बसमध्ये टांगून धरा. दोऱ्याचं टोक लंबरेषेपासून ३ सेंटिमीटर सरकलं की त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, साधारण १ (सेकंदाला एक मीटर प्रतिसेकंद), दीड सेंटिमीटर सरकलं की अर्धं. यात एक खोच आहे. चढावर एका वेगानं जाणाऱ्या गाडीतही किल्ली बसच्या खांबाच्या मानानं मागेच सरकते. वीसास एक अशा चढाला बरोब्बर दीड सेंटिमीटर. बंद बसमध्ये नुसत्या किल्लीकडे बघून 'चढ आहे की ड्रायव्हरनं रेस दिली' हे सांगता येत नाही. याच खाचेत बोट घालून आइनस्टाइननं पुढे गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत उकलला. आपण किल्ली हरवू नये एवढं बघावं.

काचा बंद असलेल्या गाडीत पोराच्या हातात गॅसचा फुगा असेल तर तो याच्या बरोब्बर उलट, पुढे झुकतो. त्याच्यापेक्षा जड असलेली हवा मागे रेटली जाते आणि फुग्याला पुढे ढकलते. पोराला हे समजावून सांगण्यात अर्थ नसतो, पण त्याच्या बापाला हमखास वाटतं की फुग्यात काहीतरी बिघाड आहे.

आता घाट. खरी परीक्षा इथे असते, पोटाचीही आणि पेपराचीही. २० मीटर त्रिज्येचं वळण, एसटी ताशी २७ किलोमीटरनं. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या केलं की त्वरण येतं २.८. साठ किलोच्या माणसाला हे साधारण १७ किलोच्या रेट्यासारखं जाणवतं. बस उजवीकडे वळते आणि खिडकीतले काका आणि मधला मुलगा मिळून... थांबा, कोण कोणावर रेललं हे ठरवायला आधी चौकट हवी.

रस्त्याकडेला उभं राहून बघणाऱ्याच्या मते कोणी कोणाला बाहेर ढकललेलं नाही. प्रवासी आपले सरळ चालले होते, बसच उजवीकडे वळली आणि तिनं आपल्या डाव्या भिंतीनं त्यांनाही वळायला लावलं. बल एकच, आतल्या बाजूला. बसमध्ये बसलेल्याला हे पटत नाही, कारण त्याच्या मते बस आणि तो दोघेही जागच्या जागी आहेत आणि तरी कोणीतरी त्याला डावीकडे रेटतंय. त्याचा मान राखायला एक आभासी बल घ्यावं लागतं: वस्तुमान गुणिले चौकटीचं त्वरण, दिशा उलटी. वळणावर त्याला अपकेंद्री बल म्हणतात. आभासी म्हटलं म्हणून त्याला हसू नये. ताशी २७ चे ३६ झाले की तोच रेटा १७ वरून ३० किलोंवर जातो आणि रॅकवरची फणसाची पिशवी आभासी राहत नाही.

परीक्षेतली नेहमीची चूक अशी: विद्यार्थी रस्त्याकडेला उभं राहून आकृती काढतो, आतल्या दिशेला एक बाण देतो, मग ऐकीव अपकेंद्रीचा बाहेरच्या दिशेला दुसरा. दोन्ही सारखे, बेरीज शून्य. बेरीज शून्य झाली की वस्तू सरळ रेषेत जाते. म्हणजे त्या उत्तरपत्रिकेत एसटी पन्नास प्रवाशांसकट सरळ दरीत गेलेली असते आणि तपासणारा फक्त दोन मार्क कापतो. बाहेरचा बाण काढायचाच असेल तर आधी तिकीट काढून बसमध्ये बसा. तिथे बेरीज शून्य आलेली चालते, कारण तिथे आपण बसलेलेच असतो.

उलटी होण्याचं कारणही चौकटीतलंच आहे. मोबाईलवर खिळलेले डोळे सांगतात 'स्थिर आहोत', कान सांगतो 'गरागरा फिरतोय', आणि या भांडणाचा निकाल पोट लावतं. पुढच्या बाकावर बसावं, लांबचा रस्ता बघावा, म्हणजे दोघांची साक्ष जुळते. आवळासुपारीवर मी बोलणार नाही, घराघरांत श्रद्धेचा विषय आहे.

चौकट बदलण्याचा फायदा बघायचा तर टोपीचं गणित सोडवावं. नावाडी प्रवाहाविरुद्ध वल्हवतोय, पुलाखाली त्याची टोपी पाण्यात पडते. दहा मिनिटांनी त्याच्या लक्षात येतं, तो वळतो, तेवढ्याच जोरानं वल्हवतो आणि पुलाच्या १ किलोमीटर खाली टोपी गाठतो. प्रवाहाचा वेग किती? काठावर बसून सोडवलं तर होडीचा वेग माहीत नाही म्हणून क्ष, प्रवाह य, दोन समीकरणं, खाडाखोड. पाण्याच्या पक्षात गेलं तर टोपी पडली तिथेच आहे. नावाडी दहा मिनिटं लांब गेला, म्हणजे परतायला दहाच लागणार. वीस मिनिटांत १ किलोमीटर, म्हणजे ताशी ३. क्ष कुठे गेला, कोणी विचारत नाही.

छत्रीही हेच मागते. वारा नसताना मध्यम आकाराचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटरनं पडतो. दीड मीटरनं भराभर चालणाऱ्यानं छत्री १३ अंश पुढे कलवावी. ताशी ३६ नं जाणाऱ्या स्कूटरवाल्याला तोच सरळ पाऊस ५७ अंश तिरका, थेट तोंडावर येतो. त्यानं रेनकोट घ्यावा.

लिफ्टमध्ये वजनकाटा ठेवायची हौस असेल तर लिफ्ट खाली निघताना पहिल्या एखाद्या सेकंदात आकडा वाचून घ्यावा. लिफ्टचं त्वरण १ असेल तर साठाचे ५४ दिसतात. एकदा वेग स्थिर झाला की पुन्हा साठ. खाली थांबताना ६६ दिसतात, तेव्हा छताकडे बघावं.

आणि ज्याला या सगळ्याचा कंटाळा आला असेल त्यानं पुण्याला आयुकात, म्हणजे तिथल्या खगोलशास्त्राच्या संशोधनसंस्थेत, जावं. तिथे आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत, आणि फुकोचा लोलक आहे. १८५१ मध्ये फुकोनं पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगला आणि लोकांना पृथ्वीचं फिरणं उघड्या डोळ्यांनी दाखवलं. झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते. ध्रुवावर फेरी साधारण २४ तासांत पुरी होते. विषुववृत्ताकडे यावं तसा वेळ वाढतो आणि पुण्याच्या अक्षांशावर सुमारे ७५ तास लागतात, म्हणजे तासाला पाच अंशही नाहीत. दहा मिनिटं टक लावून "काही होत नाही" म्हणत निघून जाणारे पुष्कळ. जमिनीवर एक खूण हेरून ठेवावी, चहा, जेवण, जमल्यास वामकुक्षी उरकून यावं, मग दिशा सरकलेली दिसते.

सरकलं कोण, हा प्रश्न मात्र तिथे मोठ्यानं विचारू नये. लोलकाला वळवणारं कोणी नाही, त्याच्या खालची जमीन वळते आहे. म्हणजे पुणं फिरतंय. आणि हे पुणेकराला पटवून देण्याची कुठलीही चौकट अजून निघालेली नाही.