नकाराच्या पत्रातलं कारण आधी नीट वाचा

कामावर झालेल्या दुखापतीच्या भरपाईचा दावा फेटाळला तरी खचू नका, अपील करा, असं एका लेखात वाचलं, ते शंभर टक्के पटलं. पण त्यात एक मुद्दा निसटलाय. अपिलात 'माझ्यावर अन्याय झाला' एवढं लिहून भागत नाही. नकाराच्या पत्रात जे कारण दिलंय, त्याच कारणाला उत्तर द्यावं लागतं.

हमखास पुढे केलं जाणारं कारण म्हणजे 'दुखणं जुनंच आहे'. इथे डॉक्टरांचा दाखला निर्णायक ठरतो. 'कंबरदुखी आहे, विश्रांती घ्यावी' अशा दोन ओळींनी काही होत नाही. काय उचलताना कळ आली, तपासणीत काय दिसलं, आधीचा त्रास असलाच तर या कामामुळे तो वाढला का, हे डॉक्टरांनी स्पष्ट लिहून द्यायला हवं. जुनं दुखणं कामामुळे बळावलं तरी बऱ्याच ठिकाणी भरपाई मिळते. कामगाराला हे कुणी सांगतच नाही, याचा फार राग येतो.

आणि 'चूक माझीच होती' म्हणून गप्प बसू नका. जर्मनीत १८८४ साली अपघात विम्याचा कायदा झाला, तेव्हापासून या भरपाईचा पायाच असा की चूक कुणाची हे सहसा बघायचं नसतं. (नशा किंवा मुद्दाम करून घेतलेली इजा, हे वेगळं.)

अपिलाची मुदत नकाराच्या पत्रावरच्या तारखेपासून मोजतात की पत्र हाती पडल्यापासून, ते लगेच विचारून घ्या. पाकीटही फेकू नका, त्यावरचा टपालाचा शिक्का कामी येतो.