दुर्बल म्हणे!

सकाळी बहिणीचा मुलगा येऊन गेला. एमपीएससीचा अभ्यास चाललाय त्याचा. जाताना क्लासच्या नोट्स टीपॉयवर विसरला. चहा पिता पिता सहज चाळल्या आणि चहा गार झाला. 'दहावी लोकसभा (१९९१-९६) : अल्पमतातील दुर्बल सरकार.' बस. पाच वर्षं एका ओळीत गुंडाळली आणि खाली लगेच अकरावी लोकसभा.

फोन केला त्याला. म्हणतो, "मावशी, एका मार्काला येतं गं ते. तू कशाला बीपी वाढवतेस?"

वाढणारच ना! माझ्याकडे आबांची, माझ्या वडिलांची, खताची पावती आहे. जुलै १९९१, युरिया, दोन गोण्या, दर १६५. त्या महिन्याच्या २४ तारखेला मनमोहन सिंगांनी बजेट मांडलं आणि खतं ४० टक्क्यांनी महाग केली. एकशे साडेसतरा रुपयांची गोणी एका फटक्यात १६५ला. ज्वारी गुडघ्याला आलेली, नेमकी उघडीप मिळालेली, आबा थांबणार कसे? घेतल्या दोन गोण्या. आणि ऑगस्टच्या मध्यावर तीच गोणी १५३ला! संसदेत रान उठलं होतं. विरोधक तर होतेच, काँग्रेसचे खेड्यापाड्यांतले खासदारसुद्धा आपल्याच अर्थमंत्र्यावर उखडले होते. ४०चे ३० करावे लागले. अल्पभूधारकांना तर वाढच माफ. आमचा सातबारा दोघा भावांचा एकत्र, सात एकरांचा, म्हणून त्या सवलतीत आम्ही नाही. गोणीमागे बारा रुपये गेले, दोन गोण्यांचे चोवीस. मनमोहन सिंग पंतप्रधान झाले तेव्हाही टीव्हीसमोर बसून आबा म्हणाले होते, "माझे चोवीस रुपये हायेत ह्याच्याकडं."

पण भाव उतरला का, ते बघा ना. सरकारकडे आकडा नव्हता म्हणून! भरभक्कम बहुमत असतं तर कोण विचारतंय लातूरकडच्या ज्वारीला?

आणि कसल्या दिवसांत आलेलं सरकार ते. नरसिंह रावांनी २१ जूनला शपथ घेतली तेव्हा ते खासदारही नव्हते. रामटेकनं दोनदा निवडून दिलेला, अस्खलित मराठी बोलणारा माणूस, सामान बांधून निवृत्तीला निघालेला. तिजोरीत डॉलर नाहीत. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचं दोनदा अवमूल्यन. मुंबईतल्या रिझर्व्ह बँकेतून ४७ टन सोनं उचलून बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण. विश्वासदर्शक ठरावाला बाजूनं २४१, विरोधात १११, आणि ११२ जण मतच न देता बसून राहिले. त्या बसून राहिलेल्यांच्या जिवावर देशाची अर्थव्यवस्था उलटीपालटी केली हो या माणसानं. दुर्बल म्हणे!

लोकसभा अध्यक्षांच्या खुर्चीत आमचे लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर. आबांचा काँग्रेसवर राग, पण "हळू बोलतो, पण ऐकतं सगळं सभागृह" हे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकवायचेच. खात्यांवर नजर ठेवणाऱ्या स्थायी समित्या, एकूण सतरा, याच लोकसभेत १९९३ला सुरू झाल्या. आणि पंचायत राजची ७३वी घटनादुरुस्ती? ती लोकसभेत मंजूर झाली २२ डिसेंबर १९९२ला. बाबरी पडून सोळा दिवस झाले होते. देश पेटलेला, अविश्वास ठराव येऊन गेलेला, आणि त्याच अधिवेशनात दोन तृतीयांश मतं गोळा करून हे झालं. विरोधकांना सोबत घेतल्याशिवाय होतं का ते? गावोगावच्या बायका आज सरपंचाच्या खुर्चीत बसतात, त्यात या 'दुर्बल' ओळीचा वाटा आहे. (आमच्या वहिनी सरपंच होत्या आणि भाऊ कारभार बघायचा, ते वेगळं. त्यावर लिहायला बसले तर घरात भांडणं होतील.)

बरं, लाच. येणार होताच तुम्ही तिथे, माहितीय मला. २८ जुलै १९९३, अविश्वास ठराव, २५१ विरुद्ध २६५. चौदा मतांनी वाचलं सरकार, आणि झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना पैसे दिल्याचं प्रकरण पुढे कोर्टात गेलं. राव खालच्या कोर्टात दोषी ठरले, हायकोर्टात सुटले. संताप कशाचा येतो सांगू? १९९८ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, पैसे घेऊन ज्यांनी सभागृहात मत दिलं त्यांना संरक्षण आहे, खटला चालणार नाही. म्हणजे घेतलेल्या पैशाला जागलात तर सुटलात! तो निकाल पुसायला २०२४ उजाडावं लागलं. आबांच्या चोवीस रुपयांची पावती आहे, त्या नोटांची कुणाकडे आहे?

आणि हो, सरकारनं खताच्या भावाबाबत ऐकलं तेही एकच वर्ष. ऑगस्ट १९९२ला स्फुरद-पालाशच्या खतांच्या किमतींवरचं नियंत्रण काढलं, डीएपी हे स्फुरदाचं खत भडकलं आणि उलट युरिया स्वस्त केला. आबांनी डीएपी सोडून नुसता युरिया मारला, शेजाऱ्यांनीही तेच केलं. जमिनीचं काय झालं ते जमिनीला विचारा. मान्य.

ही पावती हाताशी आहे ती पेटीमुळे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे आमच्या माळवदाची मागची भिंत बसली. किल्लारीकडे जे झालं त्यापुढे आमचं काहीच नाही, आम्ही सगळे अंगणात जिवंत उभे होतो. दोन दिवसांनी दगडमातीखालून पत्र्याची पेटी निघाली, चेपलेली. आईनं आधी तिचं मंगळसूत्र शोधलं. आबांनी कागद. एकेक झटकून उन्हात ठेवत होते, वर खडे ठेवून. त्यात ही.

आता लिहिता लिहिता राग उतरलाय माझा. मघाशी भाच्याला परत फोन करून सांगितलं, तुझ्या नोट्स इथेच राहिल्यात, संध्याकाळी जेवायलाच ये. आणि पेपरात दुर्बलच लिही बाबा, मार्क घालवू नकोस.

आबांना कुणी सांगू नका.