नाव सांगायला यांचे काय जाते?

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉरफोकमध्ये राहून नेदरलँड्समधली चोरटी एफएम केंद्रे पकडण्याचा नाद मला लागला आहे, आणि या केंद्रांच्या एका खोडीपायी माझे डोके फिरायची वेळ आली आहे. ही मंडळी जगाची विचारपूस करतात, स्वतःचे नाव मात्र सांगत नाहीत.

अशी संधी काही रोज येत नाही. हवेचा दाब चढलेला, वारा पडलेला आणि उत्तर समुद्रावरच्या गार, दमट हवेवर उबदार, कोरड्या हवेचा थर बसलेला असेल, तरच एरवी वाटेतच विरून जाणाऱ्या एफएम लहरी त्या थराखालून सरकत सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या ट्वेंटेहून, म्हणजे नेदरलँड्सच्या पूर्वेकडल्या भागातून, माझ्या यागी अँटेनापर्यंत (एकाच दिशेला रोखलेल्या, आडव्या दांड्यांच्या) पोहोचतात. परवा पहाटे तो योग जुळला. तीन वाजता शाल गुंडाळून ट्यूनरपाशी बसलो, तर दोन अधिकृत केंद्रांच्या मधल्या फटीत अकॉर्डियन खणखणीत वाजत होता. गाणे संपले, निवेदक बोलू लागला, मी पेन सरसावले. माझ्या मोडक्यातोडक्या डचला उमगले त्याप्रमाणे त्याने कुणाच्या तरी मावशीला नमस्कार कळवला, एका ट्रकचालकाला कळवला, गोठ्यात दूध काढत बसलेल्या जोडप्यालाही कळवला आणि पुढचे गाणे लावले. पावणेदोन तास हाच प्रकार!

पकडले जाण्याच्या भीतीने ते नाव लपवतात, असे समजावणाऱ्यांचा मला विशेष राग येतो. सरकारी तपासनीस दिशाशोधक यंत्रे घेऊन लहरींचा माग काढतात, नावाचा नव्हे; शिवारात उभा केलेला उंच मनोरा काही झाकून ठेवता येत नाही; आणि नाव तर मुळातच टोपण असते, मग ते सांगायला यांचे काय जाते? आरडीएसचा, म्हणजे एफएम लहरींसोबत येऊन रेडिओच्या पडद्यावर उमटणाऱ्या अक्षरांचा, आधार घ्यावा, तर केंद्राच्या नावासाठी राखलेल्या आठ अक्षरांच्या जागेत गाण्याचे शब्द तुकड्यातुकड्यांनी सरकत असतात, नाहीतर ओळखसंकेत भलत्याच केंद्राचा टाकलेला असतो. आकाशवाणीच्या निवेदकांनी आपल्या कानांना फारच लाडावून ठेवले होते म्हणायचे.

शेवटी सूर्य वर आला, सिग्नल डुगडुगू लागला आणि नेमकी तेव्हाच जिंगल सुरू झाली. ‘राडिओ’ एवढा एकच शब्द, जो मला आधीपासूनच ठाऊक होता, स्पष्ट ऐकू आला आणि पुढचे सगळे खरखरीने गिळले. नोंदवहीत ‘अनोळखी, डच, अकॉर्डियन’ अशी या उन्हाळ्यातली ही अकरावी ओळ.